अमावस्येला बाहेर पडा : मोठ्या बायनॉक्युलरमधून आकाश कसे बघावे

आपले बहुतेक कार्यक्रम पौर्णिमेला असतात. वैशाख, आषाढ, आश्विन अशा पौर्णिमा आल्या की विहार गजबजतात, माणसे रात्री उशिरापर्यंत बाहेर असतात. अमावस्येला याच्या उलट चित्र दिसते. दारे लवकर लागतात, कोणी प्रवासाला निघत नाही, नवे काम सुरू करत नाही. चौकात उतारा टाकलेला असतो. अंधश्रद्धा निर्मूलनावरची व्याख्याने आवडीने ऐकणाऱ्या घरांतही "आज अमावस्या आहे, रात्री बाहेर नको" हे वाक्य सहज ऐकू येते. विशेषतः मुलींना.

आम्ही काही कार्यकर्ते वस्त्यांमध्ये अभ्यासिका आणि वाचनालयाचे काम करतो. या भीतीवर आम्ही बरीच भाषणे केली. भाषणाने मान डोलते, पाऊल मात्र घराबाहेर पडत नाही. म्हणून आम्ही वेगळा मार्ग धरला. थंडीतल्या अमावस्येला मोठा बायनॉक्युलर घेऊन वस्तीतल्या तरुण-तरुणींना, त्यांच्या आईवडिलांना गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर न्यायचे आणि आकाश दाखवायचे. हे काम फार खर्चाचे नाही, त्याला खगोलशास्त्राची पदवीही लागत नाही. कोणत्याही गावातल्या मंडळाला ते जमेल. त्यासाठी काय लागते, काय दिसते आणि हे करावे कशासाठी, ते या लेखात मांडत आहोत.

अमावस्याच का?

अमावस्येला चंद्र सूर्याच्या बाजूला असतो. त्याचा उजेड पडलेला भाग आपल्याकडे नसतो आणि तो सूर्याबरोबरच उगवतो, सूर्याबरोबरच मावळतो. त्यामुळे रात्रभर आकाशात चंद्र नसतो. अमावस्येत गूढ म्हणावे असे एवढेच आहे.

पौर्णिमेचा चंद्र सुंदर असला तरी त्याच्या उजेडात अंधुक तारे, तेजोमेघ, दीर्घिका बुडून जातात. आकाश बघायचे तर अमावस्या आणि तिच्या मागचे-पुढचे तीन-चार दिवस सर्वांत चांगले. म्हणजे ज्या रात्रीला आपण घाबरत आलो, तीच रात्र आकाश सर्वांत जास्त उघडे करून दाखवते.

एक गोष्ट जाता जाता. आपल्या महिन्यांची नावे ताऱ्यांवरूनच पडली आहेत. ज्या महिन्यात पौर्णिमेचा चंद्र विशाखा नक्षत्राजवळ असतो तो वैशाख, कृत्तिकांजवळ असतो तो कार्तिक, मृगशीर्षाजवळ असतो तो मार्गशीर्ष. म्हणजे वैशाख पौर्णिमा या शब्दातच आकाशाचे निरीक्षण आहे. कोणीतरी रात्रीमागून रात्री चंद्र कुठे आहे ते बघितले आणि त्याची नोंद ठेवली. नक्षत्रांना शुभ-अशुभाचे लेबल लावणे हा वेगळा धंदा आहे. या दोन गोष्टी वेगळ्या करून सांगणे हे आपले काम आहे.

मोठा बायनॉक्युलर म्हणजे काय?

बायनॉक्युलरवर दोन आकडे लिहिलेले असतात. १० × ५०, १५ × ७०, २० × ८०, २५ × १०० असे. पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसते. दुसरा आकडा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. पुढचे भिंग ७० मिलिमीटर किंवा त्याहून मोठे असले की त्याला आकाशनिरीक्षणाचा मोठा बायनॉक्युलर म्हणतात.

नवख्या माणसाला पहिल्या आकड्याचे आकर्षण असते. खरी किंमत दुसऱ्या आकड्याची आहे. तारे बघताना आपल्याला हवा असतो उजेड. अंधाराला सरावलेल्या तरुण डोळ्याची बाहुली साधारण ७ मिलिमीटरपर्यंत उघडते. ७० मिलिमीटरच्या भिंगाचा व्यास तिच्या १० पट, म्हणून क्षेत्रफळ १०० पट. उघड्या डोळ्यापेक्षा १०० पट उजेड ते भिंग गोळा करते. ८० मिलिमीटरचे भिंग सुमारे १३० पट गोळा करते. म्हणून जिथे डोळ्याला नुसता काळोख दिसतो तिथे बायनॉक्युलरमध्ये ताऱ्यांचा सडा पडलेला दिसतो.

दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले की डोळ्याकडच्या बाजूने बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. २० × ८० साठी ती ४ मिलिमीटर, १५ × ७० साठी जवळपास पावणेपाच. वयानुसार बाहुली कमी उघडते, तरी चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाच्या डोळ्यातही हा झोत पूर्ण मावतो. आईवडिलांना दाखवताना ही गोष्ट उपयोगी पडते.

बाजारात "१०० पट झूम" असे लिहिलेले छोटे बायनॉक्युलर दिसतात. त्यांच्या नादी लागू नये. लहान भिंगातून शंभर पट मोठे केलेले चित्र अंधुक आणि थरथरते असते. घेताना दोन गोष्टी तपासाव्यात. आतला लोलक 'बॅक-४' काचेचा आहे का आणि भिंगांवर सर्व बाजूंनी लेप आहे का. मग दुकानातच लांबचा दिवा किंवा खांब बघावा. दोन प्रतिमा एकावर एक बसत नसतील, काही वेळात डोके जड होत असेल, तर दोन्ही नळ्या एका रेषेत नाहीत असे समजावे आणि तो नग परत करावा.

टेलिस्कोप का नको?

टेलिस्कोपशी आमचे भांडण नाही. शनीची कडी नीट बघायची तर टेलिस्कोपच लागतो. पण मंडळाने पहिले साधन घ्यायचे असेल तर आम्ही मोठा बायनॉक्युलर सुचवतो.

पहिले कारण, दोन्ही डोळ्यांनी बघता येते. एक डोळा मिटून दुसऱ्याने भोकातून बघणे सवयीशिवाय जमत नाही. दोन डोळ्यांनी बघताना मेंदूला चित्र अधिक स्पष्ट वाटते, माणूस लवकर रुळतो.

दुसरे कारण, चित्र सरळ दिसते. खगोलाच्या टेलिस्कोपमध्ये बहुधा उलटे किंवा आरशातले चित्र दिसते. बायनॉक्युलर डावीकडे वळवला की आकाशही डावीकडचेच दिसते. त्यामुळे तारा शोधायला शिकवणे सोपे जाते.

तिसरे कारण गटासाठी सर्वांत महत्त्वाचे आहे. २० × ८० मधून एका वेळी साधारण ३ अंशांपेक्षा थोडे जास्त आकाश दिसते. पूर्ण चंद्राची रुंदी अर्धा अंश. म्हणजे सहा चंद्र शेजारी शेजारी मावतील एवढी ही खिडकी आहे. पृथ्वीच्या फिरण्यामुळे तारे तासाला १५ अंश सरकतात. त्या हिशोबाने मधोमध आणलेली वस्तू खिडकीच्या कडेला जायला सहा मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात आठ-दहा जणांचे बघून होते. १०० पट दाखवणाऱ्या टेलिस्कोपची खिडकी अर्ध्या अंशाच्या आसपास असते, तिथे मिनिटभरातच वस्तू निसटते. रांगेत उभा असलेला शेवटचा मुलगा रिकाम्या आकाशाकडे बघून "दिसलं" म्हणतो. हे आम्ही पुष्कळदा बघितले आहे. रांगेतल्या शेवटच्या माणसाला दिसले तरच कार्यक्रम झाला असे आम्ही मानतो.

किमतीचे बोलायचे तर १५ × ७० चा बायनॉक्युलर साध्या स्मार्टफोनच्या किमतीत मिळतो. जयंतीच्या वर्गणीतला थोडा भाग बाजूला काढला तर वस्तीच्या मालकीचे साधन होते आणि नीट सांभाळले तर ते अनेक वर्षे टिकते.

हातात धरू नका

१५ × ७० चे वजन दीड किलोच्या आसपास, २० × ८० चे दोन किलोंहून अधिक आणि २५ × १०० चे चार किलोंपर्यंत जाते. पण अडचण फक्त वजनाची नाही. २० पट मोठे करणारे साधन हाताची थरथरही २० पट मोठी करते. तारा ठिपका न राहता वळवळणारी रेघ होतो.

म्हणून तिवई लागते. फोटोसाठी मिळणारी हलकी तिवई चालत नाही, व्हिडिओ कॅमेऱ्याची जाड पायांची घ्यावी. बायनॉक्युलर आणि तिवई जोडायला इंग्रजी 'एल' आकाराची धातूची पट्टी लागते. ती प्लास्टिकची नको. तिवई नसेल तर वाळूने भरलेली गोणी भिंतीवर ठेवून तिच्यावर बायनॉक्युलर टेकवावा. फार उंच नसलेल्या ताऱ्यांसाठी एवढे पुरते.

डोक्यावरचे आकाश बघताना मात्र तिवईखाली मान मोडते. त्यासाठी समांतरभुज चौकोनाच्या आकाराचा दांड्यांचा आधार मिळतो. त्यात बायनॉक्युलर वरखाली केला तरी रोख बदलत नाही, म्हणून उंच बाप्या आणि लहान मुलगी दोघांनाही तोच तारा दिसतो. गावातला सुतार किंवा वेल्डर चित्र बघून तो बनवू शकतो. तोवर सोपा उपाय म्हणजे वस्तू डोक्यावर येण्याआधी किंवा पश्चिमेकडे उतरल्यावर बघावी.

डोळे तयार करणे

उजेडातून अंधारात आल्यावर डोळ्यांना पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात. मध्येच कोणी मोबाइल उघडला की ही मेहनत वाया जाते. म्हणून सुरुवातीलाच सर्वांचे मोबाइल खिशात जातात. बॅटरीवर लाल जिलेटीन कागद गुंडाळावा. मंद लाल उजेडाने डोळ्यांचा सराव फारसा मोडत नाही.

पहिल्यांदा दोन्ही नळ्या आपल्या डोळ्यांतल्या अंतराएवढ्या जवळ आणाव्यात. उजवा डोळा मिटून मधल्या चक्राने डाव्या डोळ्याचे चित्र स्पष्ट करावे. मग डावा मिटून उजव्या नळीची कडी फिरवावी. काही मोठ्या बायनॉक्युलरमध्ये मधले चक्र नसते, दोन्ही कड्या वेगळ्या फिरवाव्या लागतात. तारा टाचणीच्या टोकाएवढा झाला की जमले. साधा जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून बघता येते. सिलिंडरचा नंबर असेल तर चष्मा ठेवावा. लहान मुलांच्या डोळ्यांतले अंतर कमी असते, मोठ्या नळ्या तेवढ्या जवळ येत नाहीत. त्यांना एका नळीतून बघू द्यावे.

अंधुक वस्तू बघताना तिच्याकडे थेट न बघता किंचित बाजूला बघावे. डोळ्याच्या पडद्याच्या कडेकडच्या पेशींना मंद उजेड जास्त कळतो. ही युक्ती सांगितली की अनेकांना आधी न दिसलेली दीर्घिका एकदम दिसते.

आणि एक सूचना, तीत कसलीही सवलत नाही. बायनॉक्युलरमधून सूर्याकडे कधीही बघू नये. क्षणभर बघितले तरी डोळा कायमचा जाऊ शकतो. दिवसा बायनॉक्युलर पेटीत बंद ठेवावा.

डिसेंबरच्या रात्री काय दिसते?

पावसाळ्यानंतर हवा धुतलेली असते, डिसेंबर-जानेवारीत ढग कमी आणि रात्र मोठी. डिसेंबरच्या मध्याची निरभ्र रात्र धरून क्रम सांगतो.

रात्री आठच्या सुमारास उत्तरेकडे, डोक्यापासून थोडे खाली देवयानी दीर्घिका असते. अंधाऱ्या जागी ती नुसत्या डोळ्यांनाही पुसट डागासारखी दिसते. बायनॉक्युलरमध्ये मध्यभागी उजळ आणि दोन्हीकडे विरत जाणारा लांबट ढग दिसतो. तो ढग म्हणजे अब्जावधी तारे. तिथून निघालेल्या प्रकाशाला इथे यायला सुमारे २५ लाख वर्षे लागतात. हा प्रकाश निघाला तेव्हा आपल्यासारखा माणूस पृथ्वीवर नव्हता. जात, कूळ, गोत्र तर फार नंतरच्या गोष्टी. आम्ही हे वाक्य माळावर बोललो की थोडा वेळ कोणीच काही बोलत नाही.

त्याच सुमाराला पूर्वेकडे वर कृत्तिका आलेल्या असतात. नुसत्या डोळ्यांना सहा-सात तारे मोजता येतात. २० × ८० मध्ये निळसर पांढऱ्या ताऱ्यांनी खिडकी भरते. हा गुच्छ दोन अंशांच्या आसपास पसरलेला आहे, म्हणून टेलिस्कोपच्या लहान खिडकीत तो एकदम मावत नाही. मोठ्या बायनॉक्युलरची खरी ताकद इथे कळते. कृत्तिका सुमारे ४४० प्रकाशवर्षे दूर आहेत.

दहा-अकरापर्यंत मृग नक्षत्र वर येते. तीन ताऱ्यांच्या बाणाखाली जो धुरकट ठिपका दिसतो तो मृगातला तेजोमेघ. सुमारे १,३५० प्रकाशवर्षांवर वायू आणि धुळीच्या ढगात नवे तारे जन्माला येत आहेत. बायनॉक्युलरमध्ये पंख पसरल्यासारखा करडा-हिरवट ढग दिसतो. छापलेल्या फोटोतले लाल-जांभळे रंग दिसत नाहीत, कारण एवढ्या मंद उजेडात आपल्या डोळ्याला रंग कळत नाहीत. हे आधीच सांगावे, नाहीतर मुले हिरमुसतात.

रंग बघायचे तर मृगातलेच दोन तारे बघावेत. काक्षी तांबडा, राजन्य निळसर पांढरा. काक्षीच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ३,५०० केल्विन, राजन्यचे सुमारे १२,०००. ताऱ्याच्या प्रकाशाचे पृथक्करण करून त्याचे तापमान आणि घटक कसे वाचायचे, याचा पाया घालणारे समीकरण १९२० मध्ये मेघनाद साहा यांनी मांडले. ढाक्याजवळच्या खेड्यातल्या एका लहान किराणा दुकानदाराचा हा मुलगा. जातीमुळे विद्यार्थिदशेत त्यांना वसतिगृहात वेगळे वागवले गेले, अशी नोंद त्यांच्या चरित्रांत येते. पुढे ते लोकसभेवर निवडून आले. देशातली वेगवेगळी पंचांगे तपासणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. त्या समितीच्या कामातून आलेली राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून लागू झाली. काक्षी आणि राजन्य दाखवताना साहांचे नाव आम्ही आवर्जून घेतो. ज्याला जेवायला वेगळे बसवले जाते, तोही ताऱ्यांची भाषा उलगडू शकतो, हे आपल्या मुलांना कळले पाहिजे.

मध्यरात्री पूर्वेकडे पुष्य नक्षत्र चांगले वर आलेले असते. डोळ्यांना नुसता धुरकट ठिपका, बायनॉक्युलरमध्ये मात्र पोळ्याभोवतीच्या माश्यांसारखे तारे.

उन्हाळ्यात दुसरे आकाश असते. मेच्या मध्यावर रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेला क्षितिजापासून वीस-पंचवीस अंशांवर ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ येतो. हात सरळ पुढे धरला की मूठ दहा अंशांची, म्हणजे क्षितिजावर दोन-अडीच मुठी. लाखो ताऱ्यांचा हा गुच्छ उत्तर युरोपातून दिसतच नाही. महाराष्ट्रातल्या माळावरून तो दिसतो. त्याच दिवसांत उत्तरेला सप्तर्षी असतात. लग्नात नवरीला दाखवायची अरुंधती तिथेच, वसिष्ठाशेजारी. बायनॉक्युलर तिवईवर स्थिर असेल तर स्वतः वसिष्ठही दोन ताऱ्यांचा बनलेला दिसतो.

मंगळ, शनी आणि पत्रिका

ग्रह दाखवायची वेळ आली की गर्दी वाढते. गुरू असेल तर त्याच्या बाजूला एका रेषेत बारीक ठिपके दिसतात. ते त्याचे चार मोठे चंद्र. जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओने साधारण २० पट मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीतून ते बघितले आणि सगळे काही पृथ्वीभोवतीच फिरते या समजुतीला धक्का बसला. आपला २० × ८० चा बायनॉक्युलर गॅलिलिओच्या दुर्बिणीहून कितीतरी जास्त उजेड गोळा करतो. दुसऱ्या रात्री बघितले की ठिपक्यांच्या जागा बदललेल्या असतात. मुलांनी वहीत दोन्ही रात्रींचे चित्र काढावे. शोध कसा लागतो ते कळायला एवढे पुरे.

शनी लांबट दिसतो, कधी दोन्ही बाजूंना कान फुटल्यासारखा. गॅलिलिओलाही तसाच दिसला होता. ती कडी आहे हे ह्युगेन्सने १६५९ मध्ये मांडले. आणि मंगळ? मंगळ तांबूस ठिपका दिसतो, बस्स. पृथ्वीपासूनचे त्याचे अंतर साधारण साडेपाच कोटींपासून ४० कोटी किलोमीटरपर्यंत बदलते. ५ नोव्हेंबर २०१३ ला निघालेले आपले मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ ला त्याच्या कक्षेत पोहोचले.

हा ठिपका बघून झाल्यावर आमच्या गटातल्या एका मुलीने विचारले, "ह्याच्यामुळं माझ्या ताईचं जमलेलं मोडलं?" तिच्या ताईची पत्रिका मुलाकडच्यांनी कोणाला तरी दाखवली होती. घरे बौद्ध, लग्नविधी बौद्ध पद्धतीने होणार, तरी पत्रिका मागच्या दाराने आली. ही एकट्या घराची गोष्ट नाही. आपल्या समाजात पत्रिका उघडपणे मागत नाहीत, गुपचूप दाखवतात. म्हणूनच ती जास्त दिवस टिकते.

तिला द्यायला आमच्याकडे एक चांगले उत्तर होते. डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या मदतीने पुण्यात एक चाचणी घेतली. १०० हुशार मुले आणि १०० मतिमंद मुले यांच्या पत्रिका जमवल्या, त्या मिसळल्या आणि ज्योतिषांना प्रत्येकी ४० देऊन कोणती कोणाची ते ओळखायला सांगितले. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणे उडवून उत्तरे दिली असती तर ५० टक्के आली असती.

पालि साहित्यातही हा प्रश्न जुनाच आहे. जातककथांत ४९ व्या क्रमांकाचे नक्खत्त जातक आहे. नक्षत्र वाईट आहे असे सांगितल्यामुळे वराकडचे लोक ठरल्या दिवशी गेलेच नाहीत, मुलीकडच्यांनी तिचे लग्न दुसरीकडे लावून दिले. ज्याने नक्षत्राची वाट बघितली त्याच्या हाती काही लागले नाही. आणि ब्रह्मजाल सुत्तात ग्रहणांची आणि ग्रहताऱ्यांची भाकिते सांगून पोट भरणे हे भिक्खूने टाळायचे काम म्हणून नोंदले आहे. त्यामुळे पत्रिका बघणाऱ्या बौद्ध घराने निदान हे एकदा वाचावे.

अंधार आणि वस्तीतला दिवा

एक प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो आणि तो रास्त आहे. तुम्ही अंधार चांगला म्हणता, पण आमच्या वस्तीत दिवा यायलाच किती वर्षे गेली! गावकुसाबाहेरच्या वस्तीला रस्त्याचा दिवा शेवटी मिळतो, हे आम्ही कामात रोज बघतो. रात्री शौचाला जाणाऱ्या बाईला, क्लासहून परतणाऱ्या मुलीला उजेड हवाच. तो हक्क आहे. आकाश दिसावे म्हणून वस्ती अंधारात ठेवा, असे कोणी म्हणत असेल तर त्याला आमचा विरोध आहे.

पण दिवा कसा लावायचा हेही आपणच ठरवायचे. उघडा, वरच्या दिशेने फेकणारा झगझगीत दिवा आपल्याच पैशाने ढगांना उजेड देतो आणि डोळ्यांत जाऊन समोरचा खड्डा लपवतो. टोपी बसवलेला, फक्त खाली जमिनीवर उजेड पाडणारा, पिवळसर दिवा कमी विजेत रस्ता जास्त चांगला दाखवतो. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. तिथे आसपासच्या गावांतले दिवे काढून टाकले नाहीत, ते बदलून खाली उजेड पाडणारे बसवले. हे जंगलासाठी जमते तर वस्तीसाठीही जमेल. पुढच्या ग्रामसभेत दिव्याची मागणी करताना "दिवा टोपीचा हवा" एवढे दोन शब्द अर्जात घालावेत.

मंडळाने सुरुवात कशी करावी?

दिनदर्शिकेत नोव्हेंबर ते फेब्रुवारीतल्या अमावस्या शोधा. शनिवार-रविवार जुळत असेल तर उत्तम. जागा दिवसा बघून ठेवा. विहीर, तार, साप-विंचवाची जागा आणि मालकाची परवानगी हे चारही तपासा.

मुलींना बोलवायचे तर त्यांच्या आयांना बोलवा. आम्ही सुरुवातीपासून हेच केले. "मुलींना पाठवा" म्हटले की घरात चर्चा होते, "तुम्ही या" म्हटले की आई मुलीला घेऊनच येते. ज्या आजीने आयुष्यभर अमावस्येला अंगणात पाऊल टाकले नव्हते, तिने कृत्तिका बघितल्या की पुढच्या अमावस्येला नातीला कोणी अडवत नाही. वस्तीत हे भाषणापेक्षा जास्त चालते.

पहिल्या रात्री पाचच वस्तू दाखवा. यादी लांबली की सगळे घाईचे होते. वस्तू लावायला एक जण, रांग सांभाळायला एक जण आणि थांबलेल्यांना हाताने नक्षत्रे दाखवायला एक जण, असे तिघे पुरतात. गरम चहा आणि कांबळी विसरू नका. दव पडते, भिंग पाणावते. अशा वेळी ते रुमालाने पुसू नका, झाकण लावून थोडा वेळ थांबा. घरी आल्यावर बायनॉक्युलर कोरडा करूनच पेटीत ठेवा आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका. कोकणासारख्या दमट भागात भिंगाला बुरशी लागते, ती सहज जात नाही.

मार्गदर्शन लागले तर पुण्यात १९४४ पासून काम करणारी ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबई-ठाण्याच्या बाजूला खगोल मंडळ आहे. वांगणीला रात्रभराचे आकाशदर्शन होते. एकदा दोन-तीन कार्यकर्त्यांनी तिथे जाऊन शिकून यावे आणि वस्तीत येऊन शिकवावे.

संविधानाच्या कलम ५१क (ज) मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि चिकित्सक वृत्ती जोपासणे हे नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे. आपण हे कलम भाषणात अनेकदा ऐकवतो. ते रात्री नऊ वाजता माळावर, थंडीत, रांगेत उभे राहून पाळता येते. पुढची अमावस्या कधी आहे ते आजच बघा, आणि मंडळाच्या बैठकीत तेवढा एक विषय ठेवा.